पायाला लागलं नव्हतं

पेपरच्या ऑफिसात, काचेच्या केबिनमध्ये ते दोघं हसत होते. एक खेळाचं पान बघणारे सर, दुसरा जाहिरातवाला. मी बाहेर उभा. हातात माझी बातमी, दोन फुलस्केप कागद, एकही खाडाखोड नसलेले. केबिनचं दार बंद होतं. सरांनी मला हाताने थांब म्हणून खूण केली. मग माझ्याकडे बघत, गालात हसत, जाहिरातवाल्याला म्हणाले,

"नवागामचा आहे. लूम्सवाल्याचं पोरगं. यांना पळवायचं असतं, लिहायला बसवायचं नसतं. खुर्चीला तेलाचे डाग पडतात."

आवाज बाहेर आला नाही. पण मला कळलं. अख्खं कळलं. मला ओठ वाचता येतात.

यात कौतुकासारखं काही नाही. बारावीनंतर मी तीन वर्षं सुरतेत, बमरोलीला, लूम्सच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात होतो. सगळे लूम्स एकदम चालतात तेव्हा तिथे कान असून नसल्यासारखे. शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. मग कारागीर ओठांवर बोलतात. तार तुटला, बीम संपला, मास्टर येतोय, चल जेवायला. शिव्यासुद्धा ओठांवर. माझ्या बापाचं सगळं आयुष्य त्यात गेलं. आता घरीही त्याच्या तोंडासमोर जाऊन बोलल्याशिवाय त्याला कळत नाही.

तर मला कळलं. आणि मी काय केलं? दार उघडलं. सर म्हणाले, "ये रे, ये. छान लिहितोस हं तू." मी कागद टेबलावर ठेवले. "थँक्यू सर" म्हणालो. हो, म्हणालो! लाज सांगायला बसलोच आहे, तर पूर्ण सांगतो. खुर्ची रिकामी होती. मी बसलो नाही.

का गिळलं? नावासाठी. बाकी कशासाठी नाही.

शाळा माझी डिंडोलीतली, म्युनिसिपालटीची, मराठी. पेपर घरी येत नव्हता. गल्लीच्या तोंडाशी सलून आहे, तिथे जायचो. केस कापायचे नसले तरी जायचो. पेपर उचलायचा आणि शेवटच्या पानापासून सुरू करायचा. कोण जिंकलं याच्याशी मला तितकं घेणं नव्हतं. खाली कुणाचं नाव आहे, ते आधी बघायचो. हा माणूस तिथे होता. याने पाहिलं. मग सगळ्या गावाने याच्या डोळ्यांनी पाहिलं. मला तेच पाहिजे होतं. आमच्या मैदानावरच्या टेनिस बॉलच्या मॅचेस मी वहीत लिहायचो. पोरं यायची, "माझा कॅच लिहिला का रे?" वाच म्हणायची. वाचलं की गप्प बसून ऐकायची. आमच्याबद्दल कुणी लिहिलेलं त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

ती वही घेऊन मी पेपरच्या ऑफिसात गेलो. मराठी पेपर, इथली आवृत्ती. सरांनी वही उलटसुलट केली. आडनाव विचारलं. गाव विचारलं. "अच्छा, खान्देश," म्हणाले. "आधी ते अहिराणी ‘शे’ ‘शे’ तोंडातून काढ. मग शिकाऊ म्हणून ये." पगार नाही. मी लूम्स सोडले. घरात आग लागली. आई रडली. बाप एवढंच म्हणाला, "दिवाळीलोंग पेपरमा तुनं नाव ऊनं ते ठीक. नही ते माले काही सांगू नको, खातामा चाल."

दिवाळीपर्यंत नाव आलं तर ठीक, नाहीतर पुन्हा लूम्स. मी मैदानामागून मैदान पालथं घातलं. व्हॉलीबॉल, खो-खो, शाळांचे अ‍ॅथलेटिक्स. बसने, पायी, कुणाच्या तरी बाईकवर. बातम्या छापून यायच्या. खाली ‘क्रीडा प्रतिनिधी’. दोनदा तर सरांचं स्वतःचं नाव! मी लिहिलेलं वाक्य, माझं, आणि खाली त्यांचं नाव. सलूनमध्ये बसून वाचलं. तरी दुसऱ्या दिवशी गेलोच. दसरा गेला. जीव नुसता वरखाली. घरी जेवताना मी बापाच्या तोंडाकडे बघायचं सोडलं होतं, कारण त्याचे ओठ हलले की मला कळलं असतं.

मग महिला कबड्डीची फायनल आली. शहराची स्पर्धा. आणि त्याच सामन्यातून राज्याच्या शिबिरासाठी मुली निवडायच्या होत्या.

एका संघात पूनम होती. डिंडोलीची, आमच्यातलीच. दिवसभर एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात साड्यांचे धागे कापते. संध्याकाळी खेळते. काय खेळते! चढाईला गेली की डाव्या कोपऱ्याकडे सरकायची, नजर उजव्या कोपऱ्यावर ठेवायची, आणि समोरची पोरगी फसून अर्धं पाऊल पुढे आली की मागच्या पायाने तिला शिवून परत. दम शांत. घाई नाही. पहिल्या हाफमध्ये तिला एकदाही पकडता आलं नाही. समोरच्या संघावर लोण चढला. माझं पेन थांबत नव्हतं.

मध्यंतर झालं. मी या टोकाला, त्यांचा मंडप त्या टोकाला. मध्ये अख्खं मैदान, ढोल, भोंगा. मंडपात स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष. कापड रंगवणाऱ्या प्रोसेसिंग मिलचे शेठ. आमच्या खेळाच्या पानाखाली त्यांचीच जाहिरात असते. त्यांनी पूनमच्या कोचला जवळ बोलावलं. खांद्यावर हात ठेवला. मला ओठ स्वच्छ दिसत होते. गुजरातीत बोलले,

"एने कहो, पगमां वाग्युं छे एम बोले. हवे मारी भत्रीजी रमशे."

म्हणजे, तिला सांगा, पायाला लागलंय असं म्हणायचं. आता माझी पुतणी खेळेल.

कोच मान खाली घालून पूनमकडे गेला. काहीतरी बोलला. तिने आधी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मग अध्यक्षांकडे. आणि गुमान जाऊन बाकावर बसली. पुतणी उतरली, तीनदा पकडली गेली, हातातला सामना गेला. तरी उत्कृष्ट चढाईपटूचं बक्षीस तिलाच. मी पळत पूनमकडे गेलो. विचारलं, पायाला काय झालं? "काही नाही भाऊ," ती म्हणाली. "बस म्हणाले, बसले." ती रडत नव्हती. बूट काढत होती.

मी सगळं लिहिलं. ओठांवर वाचलेलं वाक्यसुद्धा, जसंच्या तसं. सरांच्या हातात दिलं. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं. "बघतो," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सलूनमध्ये पेपर उघडला. माझं नाव! ठळक अक्षरात, आडनावासकट. पहिल्यांदा. मग खालचं वाचलं. ‘पायाला दुखापत झाल्याने पूनमला मैदान सोडावे लागले. तिच्या जागी उतरलेल्या युवा खेळाडूने मात्र अखेरपर्यंत जिगरबाज झुंज दिली.’

एक शब्दही माझा नव्हता. नाव तेवढं माझं.

घरी पोचलो तोवर आईला कुणीतरी सांगितलं होतं. ती पेपर घेऊन गल्लीत दारोदार फिरत होती. "मन्हा पोऱ्यानं नाव ऊनं पेपरमा! देखा, देखा!" सगळ्यांच्या हातावर साखर ठेवत होती. माझ्याही हातावर ठेवली. मी खाल्ली. बापाने पेपरची घडी केली, खिशात घातली आणि कामावर घेऊन गेला. तिथल्या माणसांना दाखवायला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला.

मी सरांना फोन केला. म्हणालो, "सर, बातमी बदललीय. तिला लागलं नव्हतं."

"नाव आलं ना तुझं?"

"हो, पण..."

"मग झालं तर. उद्या ॲथलेटिक्स आहे, वेळेवर जा."

मी "हो सर" म्हणालो. आणि गेलो. दोन दिवस गप्प बसलो. स्वतःला सांगत राहिलो की एका बातमीने काय होतंय, आधी पाय रोवू, मग खरं लिहू. च्यायला, किती गोड बोलतो माणूस स्वतःशी!

तिसऱ्या दिवशी पूनम दारात उभी राहिली. कामावरून थेट आली होती, ओढणीला रंगीत धाग्यांचे तुकडे चिकटलेले. हातात पेपरचं कात्रण. आत ये म्हटलं तर आली नाही.

"भाऊ, हे तुमचंच नाव ना?"

मी मान हलवली.

"मी निवड समितीकडे गेले होते. म्हटलं, मला खेळू दिलं नाही. त्यांनी हे माझ्यापुढे टाकलं. म्हणाले, आ तमारा ज लोकोनुं पेपर छे, तमारा ज छोकराए लख्युं छे. तुमचाच पेपर, तुमच्याच पोराने लिहिलंय. तू जखमी आहेस, तुला शिबिराला कसं घ्यायचं?" मग सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "भाऊ, माझ्या पायाला लागलं होतं का?"

मला मारलं असतं तर बरं झालं असतं. जे नाव मी एवढी वर्षं मागत होतो, त्याच नावाने एका पोरीचा पाय मोडला होता. धडधाकट पाय. माझ्या सहीने.

आई मागे उभी होती. तिने सगळं ऐकलं. "हाई तू लिखेल नही?" तिने विचारलं.

"नाही."

"मंग साखर कसाले वाटू दिधी माले?"

बापाने परत आणल्यावर देवाच्या फोटोशेजारी चिकटवलेलं पान तिने नखाने काढलं. भिंतीचा रंग थोडा निघाला. त्या दिवशी आमच्या घरात कुणी नीट जेवलं नाही.

सकाळी मी पूनमला घेऊन समितीसमोर गेलो. टेबलामागे तिघे. खुर्च्या रिकाम्या होत्या. बसा म्हणाले नाहीत. मी पूनमला म्हटलं, बस. आणि मी पण बसलो.

मी म्हणालो, "नाव माझं आहे. बातमी माझी नाही. हिला लागलं नव्हतं. अध्यक्षांनी कोचला सांगितलं, लागलंय म्हणून सांग."

"तू ऐकलंस?"

"नाही. पाहिलं."

तिघे हसले. खिडकीजवळचा शेजाऱ्याकडे वाकला आणि पुटपुटला. डोक्यावर पंखा खडखडत होता. शेजाऱ्यालाही धड ऐकू गेलं नसेल. मी उभा राहिलो आणि त्याचंच वाक्य त्याला मोठ्याने परत दिलं.

"आ लूम्सवाळाने अंदर कोणे आववा दीधो? जल्दी पतावो, हमणां शेठनो फोन आवशे."

म्हणजे, या लूम्सवाल्याला आत कुणी येऊ दिलं? लवकर आटपा, आत्ता शेठचा फोन येईल. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मी म्हटलं, "असंच पाहिलं मैदानावर. आता लिहून घ्या."

त्यांनी लिहून घेतलं नाही. "बाहर निकल," एवढंच म्हणाले. खोटं सांगत नाही, यादी बदलली नाही. शिबिराला पुतणी गेली. पूनम दुसऱ्या दिवशी धागे कापायला बसली. जिन्यातून उतरताना ती मला एकच म्हणाली, "पहिल्याच दिवशी का नाही बोलले?" ते माझ्या मानगुटीवर बसलंय. ते उतरणार नाही, आणि उतरूही नये.

संध्याकाळी सरांचा फोन. आधी शिव्या. मग आवाज मऊ. "हे बघ, समितीला माफीनामा लिहून दे. गैरसमजातून बोललो म्हणून. पुढच्या महिन्यापासून तुझं नाव रोज छापतो. नाहीतर सुरतेत एकाही पेपरची पायरी चढू शकणार नाहीस, लक्षात ठेव."

रोज नाव. दिवाळी चार दिवसांवर. खरं सांगतो, माझ्या तोंडाला पाणी सुटलं. इतकी भूक होती.

मी कागद घेऊन बसलो. चार पानं लिहिली. पहिल्या चढाईपासून. मध्यंतर, मंडप, खांद्यावरचा हात, ते वाक्य, बाकावर बसलेली पूनम. आणि पुढे, माझं नाव छापून आलं तेव्हा मी दोन दिवस गप्प होतो, तेही लिहिलं. पूनमला आधी वाचायला दिलं. ती वाचून म्हणाली, "तिसऱ्या चढाईत बोनस नव्हता, मी पायाने शिवलं होतं." तिचं बरोबर होतं. मी दुरुस्त केलं. मग त्याच्या प्रती काढल्या. एक समितीला, एक सरांना, एक शेठच्या मिलच्या गेटवर, बाकी शहरातल्या प्रत्येक पेपरला. माफीचा एक शब्द नाही.

कुणी छापलं नाही. कुणी छापेल असंही वाटत नाही. सरांनी बोलल्याप्रमाणे केलं. दोन ऑफिसांत मला वॉचमननेच परत पाठवलं. मी पुन्हा लूम्सवर आहे, बापाच्या शेजारच्या ओळीत. तो परवा मशीनपलीकडून ओठांनी म्हणाला, "आते काय करशी?" मी ओठांनीच म्हणालो, "लिखसू."

लिहिणार. सुट्टीच्या दिवशी मैदानावर जाणार, पाहणार आणि लिहिणार. नाव छापा म्हणून आता कुणाच्या काचेबाहेर उभा राहणार नाही. माझ्या बातमीतला एक शब्द ज्याला बदलायचा असेल, त्याने आधी माझं नाव खोडावं. खोडलं नाही, तर मी त्याच्या ऑफिसात जाऊन, त्याच्या माणसांसमोर, खरं काय घडलं ते मोठ्याने वाचून दाखवीन.