पाठीवरची माती

आमच्या घरातली पैलवान, म्हणजे माझी नणंद, माणसाच्या तोंडाकडे कधी बघायची नाही. बघायची ती गुडघ्यांकडे. दारात पाहुणा आला की बाकीची माणसं रामराम घालायची आणि ही खाली मान घालून त्याचे गुडघे न्याहाळत उभी. मी लग्न होऊन साखऱ्यात आले तेव्हा मला वाटलं, नणंद लाजाळू आहे. लाजबिज काही नव्हती. मेंढरांमागे वाढलेली पोरगी ती. एडका कुठं उधळणार हे त्याच्या तोंडावरून कळत नाही, गुडघा आधी सांगतो, असं तिचं शास्त्र होतं. एकदा तिला बघायला हिंगोलीहून एक स्थळ आलं. मुलगा देखणा, नोकरीवाला. तो गेल्यावर मी हौसेनं विचारलं, कसा वाटला? तर म्हणाली, "चांगला हाय. पण समदा भार डाव्या पायावर टाकतो, वहिनी. लवकर पडंल." ते स्थळ परत काही आलं नाही.

पुढे ती जाळीच्या पिंजऱ्यातल्या लढतींत नाव काढू लागली. त्या लढतींत कुस्तीही चालते, ठोसेही चालतात, लाथाही चालतात. मग शहरातून माणसं यायची आणि विचारायची, हिची मूळ शैली कोणती? मला हसू यायचं. तिचा पहिला डाव मी आमच्या वाडग्यात, मेंढरं कोंडायच्या मातीनं लिंपलेल्या कुडाच्या आवारात, पाहिला होता. लोकर कातरायच्या दिवसांत एडके धरावे लागत. गडीमाणसं शिंगांशी झोंबायची आणि धुळीत लोळायची. ही मात्र वाकून मागचा एक पाय उचलायची, बरगडीला खांदा लावायची आणि एडका अलगद आडवा व्हायचा, जणू त्यालाच झोप आली होती. त्याच डावाला पुढे तिला शहरात शिकवणाऱ्या सरांनी एक इंग्रजी नाव दिलं. ते अजून माझ्या जिभेवर बसत नाही.

कुस्ती तिला आबांनी शिकवली. आबा म्हणजे माझे सासरे. एके काळी जत्रेतल्या कुस्त्यांच्या दंगली गाजवलेले, कान मोडलेले. "माझ्या पाठीला कुणी माती लावली न्हाई," हे वाक्य ते दिवसातून एकदा तरी म्हणायचे, ऐकायला कुणी नसलं तर बैलाला सांगायचे. त्यांचा कायदा सोपा होता. पाठ टेकली की कुस्ती संपली. मग जिंकणाऱ्यानं हरलेल्याला हात देऊन उठवायचं आणि त्याच्या पाठीवरची माती आपल्या हातानं झटकायची. पाडणं कुणालाही येतं, झटकायला पैलवान लागतो, असं त्यांचं म्हणणं. लहानपणी जत्रेत पैलवान पोरांना पाडायची आणि इतक्या मनापासून त्यांच्या पाठी झटकायची, की पोरं पडल्यापेक्षा झटकण्यानंच जास्त रडायची, असं गाव सांगतं.

एरवी ती जागेपणी झोपल्यासारखीच असे. दुपारी मेंढरं माळावर पांगलेली, खाली शिवारात हळद शिजत असलेली, तिची पिवळी वाफ वाऱ्याबरोबर वर येत असलेली, आणि ही घोंगडीवर डोळे अर्धे मिटून पडलेली. मी भाकर घेऊन जायचे तेव्हा तिची बोटं हवेत हलत असत. काय चाललंय विचारलं तर म्हणायची, "खेळून राहिले." कुणाशी, ते तिलाही माहीत नसायचं. मीही मग शेजारी बसून राहायचे. वाफेच्या पलीकडे शेजारच्या गोरेगावची जीप मुंगीएवढी सरकताना दिसायची. त्या दुपारी आठवल्या की अजून अंगाला हळदीचा वास येतो.

पिंजऱ्यातली तिची पहिली लढत आम्ही सगळ्यांनी मोबाइलवर बघितली. आबा अगदी पुढे. घंटा झाली, पैलवाननं समोरचीचा पाय उचलला आणि तिला पाठीवर टाकलं. आबांनी मांडीवर थाप मारली. पैलवान उठली आणि तिला उठवायला हात पुढे केला. तिच्या लेखी कुस्ती संपली होती. पण त्या खेळात पाठ टेकल्यानं काहीच संपत नाही; पडलेल्यालाही मारतात. खालचीनं तोच हात ओढला, दोन्ही पायांत अडकवला आणि असा पिळला, की आमच्या पैलवानला हार मानावी लागली.

आबा उठले. "पडलेल्यावर हात उगारायचा, अन् उठवणाऱ्याचा हात मोडायचा. ही कुस्ती न्हाई," ते म्हणाले. "पुन्हा मी बघणार न्हाई." ते तिला जाऊ नको म्हणाले नाहीत. नुसते बघणार नाही म्हणाले, आणि तेच तिला लागलं. हरल्याचं दुःख तिनं एका दिवसात गिळलं. मला म्हणाली, "वहिनी, मला जिंकल्याचा पट्टा न्हाई भेटला तरी चालंल. आबांनी एक डाव बघायला पायजे."

सरांनी तिला ठोसे शिकवले, लाथा शिकवल्या. उभ्यानं ती छान लढायची. पण समोरची खाली पडली की सर ओरडायचे, मार. आणि हिचा हात वर जायचाच नाही. सर वैतागले. मग तिनंच वाट काढली. पडलेल्याला मारायचं नाही, नुसतं धरायचं; गळ्याला, हाताला असा विळखा घालायचा की समोरची आपणहून थोपटून हार मानेल. त्या विद्येचे मास्तर वेगळे. ते तिनं शोधून काढले. सुट्टीत घरी आली की सराव माझ्यावर. मी भाकरी थापत असले की मागून यायची. "वहिनी, गळा द्या जरा." मी परातीवर थोपटलं की त्या क्षणी सोडायची आणि विचारायची, "तकलीफ न्हाई ना झाली?" एक भाकर मात्र दर वेळी करपायची. घरचे मला नावं ठेवायचे. खरं सांगते, तेवढं सुख मला दुसऱ्या कशात वाटलं नाही.

अजिंक्यपदाची लढत पुण्यात होती. त्या संध्याकाळी आबा मेंढरांना पाणी दाखवायला म्हणून वाडग्यात गेले. पाणी सकाळीच दाखवून झालं होतं. इकडे पैलवाननं सुरुवातीला मार खाल्ला, ओठ फुटला. मग ती समोरचीच्या गुडघ्याकडे बघायला लागली आणि मी ओळखलं. पाय उचलला, खांदा लावला, आडवी केली, मागून गळ्यात हात गुंफला. समोरचीनं थोपटलं. मी चुलीपुढे बसून ढसाढसा रडले.

पट्टा घेऊन माणसं तिच्याकडे धावली. पण ती आधी खाली बसलेल्या पोरीकडे गेली, तिला हात देऊन उठवलं आणि तिची पाठ झटकू लागली. पोरगी गोंधळून मागं बघत राहिली.

मी मोबाइल घेऊन वाडग्यात गेले. आबा कुडाच्या मातीला पाठ लावून बसले होते. लढत संपली, आता नुसता शेवट बघा, म्हटलं. त्यांनी बघितला. पुन्हा लावायला सांगितला.

"तिथं माती हाय का गं?"

"न्हाई आबा. रबर हाय."

"मग काय झटकून राहिली?"

त्यांनी मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि या वेळी लढत पहिल्यापासून लावायला सांगितली.

पैलवान आली तेव्हा गाव गुलाल घेऊन रस्त्यावर उभं होतं. आबा नव्हते. ती जीपमधून उतरली, पट्टा माझ्या हातात दिला आणि गुलालानं माखलेली तशीच वाडग्याकडे गेली. आबा त्याच जागी, कुडाला टेकून.

"बघितली व्हय, आबा?" तिनं विचारलं. तिचा आवाज लहान लेकरासारखा झाला होता.

आबा कुडाला धरून उठले. तिच्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही. सावकाश वळून तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. पांढरा सदरा खांद्यापासून कमरेपर्यंत कुडाच्या मातीनं भरला होता.

"झटक," म्हणाले.

आबा आता नाहीत, आणि पैलवान दूरच्या शहरात पोरींना शिकवते. माळावर गेलं की मला ती दोघंच दिसतात. माती केव्हाच झडून गेली आहे, आणि तिचा हात अजून त्यांच्या पाठीवरून फिरतोच आहे.