लिंबू, नारळ आणि टेस्ट पायलट

आज सकाळी समोरच्या नव्या बिऱ्हाडाने गाडी आणली. पूजा झाली, टायरखालची लिंबं चिरडली गेली आणि त्या आंबट-कडसर वासाने मला हातातला चहा निवेपर्यंत दारातच उभं केलं. गाडी कोणती, रंग कोणता, काही बघितलं नाही. आठवले ते अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या आमच्या पहिल्या घराशेजारचे आजोबा.

दोन हजार चार-पाचचा काळ. नवरा कॉम्प्युटरच्या नोकरीवर आणि मी डिपेंडंट व्हिसावर, नोकरीची परवानगी नाही, म्हणजे खिडकीत. खिडकीतून दिसायचे हे ऐंशी ओलांडलेले, ताठ कण्याचे, एकटे राहणारे गृहस्थ. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकन नौदलाचे टेस्ट पायलट होते. कारखान्यातून आलेलं नवंकोरं विमान वर न्यायचं, ते कुठे दगा देतं ते बघायचं आणि जमल्यास जिवंत खाली येऊन सांगायचं, असं ते काम. कुणाचा पंख थरथरायचा, कुणाचं इंजिन समुद्रावर असतानाच मौनव्रत धरायचं, कुणाची चाकं पोटातून बाहेरच यायची नाहीत. एक विमान तर त्यांनी थेट खाडीत उतरवलं होतं, आणि पोहत किनाऱ्याला लागल्यावर त्यांचं पहिलं वाक्य काय, तर "पेट्रोलचा काटा खोटं बोलतो." हे सगळं ते गुलाबांना पाणी घालता घालता सांगायचे, आपण दूध नासल्याचं सांगतो त्या सुरात. मी कुंपणाशी तोंडाचा आ करून उभी.

त्यांचं एक तत्त्व होतं. पायलटने भीड धरून खोटं सांगितलं, तर पुढे त्या विमानात बसणारा पोरगा मरतो. युद्ध संपून साठेक वर्षं झाली तरी हे तत्त्व काही निवृत्त झालं नव्हतं आणि त्याचा फटका माझ्या स्वयंपाकाला बसायचा. एकदा मी मोठ्या हौसेने रव्याचे लाडू नेऊन दिले. दुसऱ्या दिवशी कुंपणावरून निकाल आला, "चव उत्तम. पण हातातून सुटला तर फरशीचं काही खरं नाही." पाक जरा पुढे गेला होता, हे मलाही माहीत होतं; पण असं कुणी तोंडावर सांगतं का? आपल्याकडे माणूस दात पडला तरी 'वा' म्हणतो. मी चांगलीच रुसले. नवरा म्हणाला, "अगं यार, फीडबॅक दिलाय त्यांनी. पर्सनली का घेतेस?"

मग आम्ही जुनी का होईना, गाडी घेतली. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि नवरा काँक्रीटवर नारळ आपटत असताना आजोबा आले. नारळ काही फुटेना. आजोबा गाडीभोवती सावकाश एक फेरी मारून आले, वाकून प्रत्येक लिंबू पाहिलं. नवरा कानकोंडा होऊन 'आमची एक जुनी पद्धत' वगैरे पुटपुटायला लागला. मी सरळ सांगितलं, "काही वाईट होऊ नये म्हणून."

त्यांनी गंभीरपणे मान हलवली. "आमच्यातला एक जण बायकोचा मोजा गळ्यात बांधून उडायचा. लिंबू जास्त शास्त्रीय वाटतं."

त्यानंतर काही महिन्यांनी एका सकाळी तेच आमच्या दारात उभे, हातात लिंबांची जाळीची पिशवी. ओहायोतली लेक आली होती. ती आज शेजारी बसून त्यांचं ड्रायव्हिंग बघणार होती आणि पसंत पडलं नाही तर किल्ल्या घेऊन जाणार होती. आमच्या त्या भागात बस नावालाही नव्हती. गाडी गेली की मित्रांबरोबरचा शनिवारचा नाश्ता गेला, बायकोच्या कबरीवर फुलं नेणं गेलं. लायसन्स मिळेपर्यंत मीही घरातच बसून होते, त्यामुळे ते मला कुणी समजावून सांगायला नको होतं. "ते तुमचं कर," एवढंच ते म्हणाले. मी उदबत्तीसकट केलं. देवाला विनवलं, की यांना आज पास कर.

साक्षीदार हवा म्हणून त्यांनी मलाही मागच्या सीटवर बसवलं. काय गाडी चालवली त्यांनी! ना धक्का, ना घाई. वळणावर पोटातलं पाणी हललं नाही. घरापाशी येऊन दोन गाड्यांच्या मधल्या फटीत गाडी अशी सरकवली, की मी टाळ्याच वाजवल्या. लेकीचे डोळे भरून आले. "डॅड, तुम्ही एकदम व्यवस्थित चालवता. गाडी ठेवा."

आजोबांनी इंजिन बंद केलं, पण उतरले नाहीत.

"कोपऱ्यावरचा स्टॉपचा फलक मला दिसला नाही," ते म्हणाले. "तिथे तो आहे हे माहीत होतं, म्हणून थांबलो."

"पण थांबलात ना? आम्हाला कळलंसुद्धा नाही."

"म्हणून तर सांगतोय." त्यांनी किल्ल्या तिच्या हातात ठेवल्या. "गाडी ठणठणीत आहे. ड्रायव्हर बदला."

मी मागे बसून ढसाढसा रडले. लेक रडली. ते मात्र खाली उतरून निघताना चाकाखालून सुटलेलं एक लिंबू कुठे घरंगळत गेलं ते शोधत होते.

पुढे दर शनिवारी नाश्त्याला त्यांना मी सोडायची. शेजारी बसून ते सारखा पायाखालचा, तिथे नसलेला ब्रेक दाबायचे, आणि उतरताना माझ्या चुका सांगायचे. मी चिडायची आणि पुढच्या शनिवारी पुन्हा वेळेवर हजर व्हायची.

ते गेले त्यालाही आता खूप वर्षं झाली. खरं बोलणारी माणसं आयुष्यात पुष्कळ भेटली. पण ती दुसऱ्याबद्दलचं खरं बोलणारी. कुणी विचारत नसताना, सगळे पास म्हणत असताना स्वतःला नापास करणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला. हल्ली अंधार पडल्यावर गाडी चालवताना समोरचे दिवे मला जरा पसरट दिसतात. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. रोज सांगायचं ठरवते आणि रोज उद्यावर ढकलते. खाडीत विमान उतरवण्याचं मला तेव्हा फार अप्रूप वाटायचं. त्याहून अवघड काय होतं, ते आता कळतंय.