शेजाऱ्यांचा तपकिरी सूट

पहिल्यांदा मी त्यांचं दार वाजवलं ते तक्रार करायला.

दुसरा लॉकडाऊन चालू होता. नेदरलँड्समधल्या कापेल आन डेन आयसेल गावातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी आणि माझी चौदा वर्षांची मुलगी, दोघंच होतो. बायको आजारी आईला बघायला नागपूरला गेली आणि विमानं बंद झाल्यानं तिकडेच अडकली. मी सकाळी नऊला जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडायचो, तो सहाला मिटायचो. मुलगी तिच्या खोलीत शाळा करायची. आमच्यात बोलणं असं उरलंच नव्हतं. भिंतीपलीकडून मात्र दुपारभर जुनी अमेरिकन सोल संगीताची गाणी यायची आणि मीटिंगमध्ये मला माझंच बोलणं ऐकू येईनासं व्हायचं.

दार उघडलं ते सत्तरीतल्या एका काळ्या सुरिनामी गृहस्थांनी. तपकिरी थ्री-पीस सूट, छातीच्या खिशात रुमाल, चकचकीत बूट. मी तीन दिवसांच्या ट्रॅकपँटमध्ये.

"बाहेर निघालात का?" मी विचारलं.

"कुठे जाणार? सगळं बंद आहे," ते म्हणाले. "आवाज मोठा होतोय का, बुरमन?"

बुरमन म्हणजे शेजारी. पाच वर्षं शेजारी राहून आम्ही प्रथमच बोलत होतो. त्यांनी आवाज कमी केला. तीन दिवस भिंत गप्प राहिली आणि मला ते सोसेना. चौथ्या दिवशी मी पुन्हा दार वाजवलं आणि म्हटलं, लावा.

मग शनिवारी दुपारी ते दारात आणि मी बाहेर गॅलरीत, असे खुर्च्या टाकून बसू लागलो. आतून रेकॉर्ड वाजत असायची. ते निवृत्त ट्रामचालक होते. विशीत या देशात आले.

"खोली भाड्यानं बघायला सूट घालून जायचो," ते एकदा म्हणाले. "तरी घरमालक म्हणायचे, आत्ताच गेली. पण मी सूट सोडला नाही. तो त्यांच्यासाठी नव्हताच."

मी त्यांना माझ्या वडिलांबद्दल सांगितलं. ते नागपुरात वस्तीतच कपडे शिवायचे. चौदा एप्रिलची जयंती जवळ आली की रोजंदारीवर जाणारी माणसं सुटाचं कापड घेऊन यायची. घरातल्या फोटोत आहे तसा शिवा, म्हणायची. मला लहानपणी ते हास्यास्पद वाटायचं. शेजाऱ्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "कॉलर रुंद की अरुंद?"

"रुंद."

त्यांनी समाधानानं मान हलवली.

एका शनिवारी मुलगी कधी नव्हे ती बाहेर आली. रेकॉर्डवरचा एक तुकडा तिच्या आवडत्या हिप-हॉप गाण्यात होता. तिनं फोनवर ते गाणं वाजवलं. शेजारी वैतागले.

"दोन सेकंदं कापून घेतली आणि बाकीचं फेकून दिलं?"

"फेकलं नाही," ती म्हणाली. पुढे अर्धा तास ती डचमध्ये बोलत होती, हात हलवून. मला निम्मं कळलं. त्या हिवाळ्यातलं तिचं सगळ्यात लांब बोलणं ते. त्यांनी तिचं गाणं डोळे मिटून पूर्ण ऐकलं. शेवटी म्हणाले, "तालाला पक्का आहे हा गाणारा पोरगा. पँट कमरेवर घालतो ना?"

जानेवारीत त्यांना कोरोना झाला. अँब्युलन्स आली तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. मुलीनं येऊन सांगितलं, तोवर अँब्युलन्स निघून गेली होती. तीन आठवड्यांनी ते घरी आले. सूट अंगावर घातला तर हँगरवर असल्यासारखा लोंबत होता.

"तू शिंप्याचा मुलगा ना?" ते म्हणाले.

मी बायकोचं शिलाई मशीन काढलं. वडिलांशेजारी बसून शिवण उसवली होती, शिवली कधीच नव्हती. दोन रविवार गेले. कोट बरा झाला. आतलं जाकीट मात्र बिघडलं. बटणांची ओळ डावीकडे सरकली. त्यांनी आरशात बराच वेळ पाहिलं.

"तुझ्या वडिलांनी काय केलं असतं?"

"उसवून परत शिवलं असतं."

"मग?"

"मला नाही हो होणार आता. दमलोय."

"मीही," ते म्हणाले आणि बटणं लावली.

वसंतात त्यांचा लसीचा नंबर आला, तेव्हा तोच सूट घालून ते माझ्या गाडीत बसले. हॉलमध्ये लोक टी-शर्टात आले होते. नर्सनं दंड उघडा करायला सांगितला. त्यांनी कोट काढून घडी घालून माझ्या हातात दिला, मग जाकीट, मग टाय, मग शर्टाची बटणं एकेक करून सोडली. मागची रांग चुळबुळत होती. सुई टोचायला क्षणभर लागला. पुन्हा सगळं अंगावर चढवायला दहा मिनिटं. नर्सनं टायची गाठ सरळ करून दिली.

नंतर पंधरा मिनिटं थांबायचं होतं. आम्ही प्लास्टिकच्या खुर्च्यांवर अंतर ठेवून बसलो आणि दोघांनाही झोप लागली. एका स्वयंसेविकेनं येऊन उठवलं तेव्हा पाऊण तास उलटून गेला होता.