जिवंतपणीचे तेरा दिवस

माझ्या थोरल्या बहिणीच्या सासऱ्यांइतका गोचिडांना वचकून असणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. वाघ आडवा आला तर ते त्याला बाजूला हो म्हणतील, पण मसुराएवढं गोचीड दिसलं की पाऊलसुद्धा जपून टाकतात. सगळे त्यांना आबा म्हणतात. मुक्काम सास्तूर. धोतर पांढरंफेक, कारण पांढऱ्यावर गोचीड लपत नाही, आणि धोतराखाली भर मे महिन्यातही गुडघ्यापर्यंत मोजे. एका लग्नात नवरदेवाला हार घालताना त्यांनी त्याच्या कानामागे बोट फिरवून पाहिलं. त्याला वाटलं, असेल काहीतरी रीत. त्यानं मुकाट्यानं दुसरा कानही पुढं केला. एसटीत शेजारी कुणी शेळी घेऊन बसलं, तर आबा पुढच्या थांब्याला उतरून चालत घर गाठतात.

गेल्या उन्हाळ्यात मी ताईकडं गेले, तेव्हा त्यांनी मला गोठा दाखवला. गोठा रिकामा होता. ताईच्या सासूबाई आदल्या पावसाळ्यात तापानं गेल्या आणि आबांनी सगळी जनावरं विकली. आबा भिंतीशी ओणवे झाले आणि एका भेगेवर सावकाश श्वास सोडला. पुन्हा एकदा सोडला. भेगेतून एक गोचीड बाहेर आलं. मागून दुसरं, मग पाच-सहा. पुढचे पाय वर उचलून ती हवेत काहीतरी चाचपत होती.

"आठ म्हैनं झालं जनावरं जाऊन," आबा कुजबुजले. "ह्यांला कुणी सांगितलंच न्हाय. वाट बघत्यात."

तेवढ्यात माझ्या मनगटावर काहीतरी हुळहुळलं. गोचीडच होतं. आमच्या भागात सगळ्या बायका करतात तेच मी केलं, दोन नखांत धरून टच्चकन फोडलं. बोटाला विळीनं कापलेलं होतं, ते नंतर आठवलं.

आबांचा चेहरा उतरला. त्यांनी मला तीनदा साबणानं हात धुवायला लावले आणि म्हणाले, "आजपास्नं तेरा दिस." जनावरांच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, की काही गोचिडांत एक विषाणू असतो. जनावराला त्याचं काही होत नाही, माणसाला मात्र ताप येतो, हिरड्यांतून रक्त येतं. फोडलं तर हाताच्या जखमेतूनही शिरतो. तेरा दिवस लक्ष ठेवायचं.

ताई वैतागली. "आबा, तेरा दिवस गेलेल्या माणसाचे मोजतात!"

मी धाराशिवला परतले आणि रोज सकाळी सहाला फोन सुरू झाला. "ताप?" "नाही." "हिरड्या?" "नाही." "डोळं लाल?" "आत्ताच उठवलंत, लाल असणारच." मग "बरं. चौथा झाला," म्हणून फोन बंद. ऑफिसात हे मी रंगवून सांगायची. पण दात घासताना थुंकीचा रंग बघायची सवय मला कधी लागली, ते कळलं नाही.

नवव्या दिवशी "ताप?" या प्रश्नावर मी गप्प राहिले. अंग चटके देत होतं. दुपारच्या आत आबा एसटीनं हजर, मोज्यांसकट. दवाखान्यात माझं नाव सांगायच्या आधी त्यांनी गोचिडाचं सांगितलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, दोन दिवस ठेवून घेतलं. निघाला घशाचा ताप.

"उगाच घाबरवलंत की मला," मी हसत म्हटलं.

आबा खाटेशी बसून स्वतःच्या अंगठ्याचं नख बघत होते. "तुझ्या ताईच्या सासूला लई सवय हुती. नखावर फोडायची, म्हणायची, जनावराला बरं वाटलं बघा. एक दिस म्हणली, डोकं धरलंय. म्या म्हणलं, धारा काढून घे, मग पड. ह्योच ताप हुता का दुसरा, डॉक्टरलाबी कळलं न्हाय. पर म्या इचारलंच न्हाय, पोरी. एकदाबी इचारलं न्हाय."

मी नुसता त्यांचा हात धरला.

तेरावा दिवस उलटून वर्ष होत आलं. फोन अजून येतो. ताई म्हणते, बंद करायला सांग त्यांना. मी सांगणार नाही. सहाच्या आधीच उठून बसते. पलीकडं गोठ्याची कडी वाजलेली ऐकू येते, म्हणजे ते तिथूनच बोलतात. "ताप?" "नाही." "हिरड्या?" "नाही." मग बराच वेळ नुसता त्यांचा श्वास ऐकू येतो, सावकाश सोडलेला.

"धारा ऱ्हाऊ दे आज," आबा हलकेच म्हणतात. "पड जराशी."

माझ्याकडं ना गाय आहे, ना म्हैस. मी "बरं" म्हणते.