आल्प्सवरची गवळण

माझ्या नातीला इथल्या, जर्मनीतल्या कार्ल्सरूहेच्या शाळेत इतिहासात पाच मिळाले, तेव्हा मी आनंदानं शिरा केला होता. मला काय ठाऊक, इकडे एक म्हणजे उत्तम आणि पाच म्हणजे बोंब! सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्ला. सून तेवढी म्हणाली, "आई, पुढच्या वेळी आधी विचारा हं."

ते पाच पुसायचे तर एकच वाट होती, रेफराट. म्हणजे वर्गापुढे उभं राहून बोलायचं, सोबत काहीतरी करून दाखवायचं. विषय आला कार्थेजच्या सेनापतीचा. हा गडी हत्ती घेऊन रोमवर चालून निघाला, तोही बर्फाच्या आल्प्सवरून! माझा इतिहास वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून झालेला, पण डोंगर आणि सैन्य म्हटल्यावर मला कोण अडवणार? दर दिवाळीत किल्ले करून हात मुरलाय. "तू बोलायचं बघ, डोंगर माझा," म्हटलं.

कुंड्यांतली माती उपसली. पुण्याहून आणलेली किल्ल्यावरची मातीची चित्रं, मावळे-बिवळे, डब्यातून बाहेर काढली. घोड्यावरचे मावळे झाले कार्थेजच्या बाजूचे नुमिदियन स्वार. नात जर्मनमध्ये बोलते, मी मराठीत, आमचं छान चालतं. पुस्तकात बघून म्हणते, "आजी, नुमिदियन घोड्यांना लगाम घालत नसत."

घ्या! बसले कानशीनं लगाम खरवडत. पुढे यांच्यातलेच बरेच रोमला मिळाले, असंही तिनं सांगितलं. मी लगेच एका स्वाराचं तोंड रोमकडे फिरवलं.

"आजी, ते खूप वर्षांनी!"

"असू दे गं. फितुरी काय एका दिवसात होते?"

हत्ती कणकेचे केले. ते ओव्हनमध्ये फुगून डुकरं झाले, तरी सोंडा टिकल्या.

रेफराटच्या दिवशी सकाळी नात डोंगराचा ट्रे उचलायला गेली आणि किंचाळलीच. मी सवयीनं मोहरी पेरली होती, आणि हीटरशेजारी तीन दिवसांत अख्खा आल्प्स हिरवागार! "आजी, तिथे बर्फ असतं!" मी घाईघाईनं तांदळाचं पीठ भुरभुरलं. तेवढ्यात तिला बाकीचंही दिसलं. गुहेत वाघ, शिखरावर सिंहासनात बसलेला राजा, पायथ्याशी घागर घेतलेली गवळण. किल्ल्यावर हे नको का? सगळं गोंदानं घट्ट चिकटवलेलं, आणि ट्रामची वेळ झालेली. डोळे पुसत ती तसाच ट्रे घेऊन गेली.

मी देव पाण्यात ठेवले. अगदी खरोखरचे, पातेल्यात.

दुपारी आली ती दप्तर टाकून म्हणाली, "बाईंनी आधी त्या घागरवालीचंच विचारलं."

"मग?"

"मी म्हटलं, एवढं सैन्य, एवढे हत्ती, पाणी कोण देणार?"

"आणि हिरवं?"

"ते इटलीकडचं उतरल्यावरचं. राजा म्हणजे सेनापती, दमून बसलाय."

"वाघ?"

"वाघाचं काही सुचलं नाही. त्यानं 'एक' घालवला. दोन मिळाले."

ही पोरगी पाठ केलेलं सोडून चार वाक्यं मनची बोलली होती, वर्गापुढे! मी उठलेच. पण शहाणपण आलेलं होतं. आधी सुनेला ऑफिसात फोन लावला, "अगं, दोन चांगले की वाईट?"

"चांगले, आई! खूपच चांगले!"

मग रवा भाजायला घेतला.