आधी शैलजाच्या फोनवर

जबलपूरच्या मराठी मंडळात बारसं असो की तेरावं, निरोप चिंतामणीजींकडूनच यायचा. वीज मंडळातून रिटायर झाल्यावर माणसं देवधर्माला लागतात. हे गृहस्थ मेसेजला लागले. पूर्वी मराठी मंडळाचा शिपाई चिठ्ठी घेऊन सायकलवर सराफ्यापासून गोहलपुरापर्यंत फिरायचा, आणि तो पोचेपर्यंत कार्यक्रम उरकलेला असायचा. आता चिंतामणीजी कॉम्प्युटरवर एक बटण दाबत आणि चारशे बारा फोन एकदम वाजत. याचा त्यांना भारी अभिमान होता आणि तो लपवायचे कष्ट त्यांनी कधी घेतले नाहीत.

मंडळाला ठाऊक नव्हती ती गोष्ट एवढीच, की प्रत्येक मेसेज आधी एकट्या शैलजाबाईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या फोनवर जायचा. एकदा हळदीकुंकवाची तारीख चुकली होती आणि चाळीस बायका नटूनथटून बंद दारासमोर ताटकळल्या होत्या. तेव्हापासून हा घरचा नियम. शैलजाबाई स्वयंपाकघरातल्या फळीवरचा फोन उचलत, हात पदराला पुसत आणि मोठ्यानं वाचत.

"अहो, घाट कोणता ते काहून नाही लिहिलं? लोकं तिलवाऱ्याला जाऊन बसतील ना!"

दुरुस्ती व्हायची, मेसेज पुन्हा फळीवर वाजायचा. मग आतून आवाज यायचा, "हं, आता पाठवा." त्याशिवाय सगळ्यांना पाठवायचं बटण चिंतामणीजींनी सात वर्षांत एकदाही दाबलं नाही.

माघातल्या एका सकाळी चहा गाळता गाळता शैलजाबाई खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत. डॉक्टर येऊन मान हलवून गेले. मूलबाळ नव्हतं. वाट पाहायची ती एकाच माणसाची, शहपुऱ्याच्या इंदूची. ही शैलजाबाईंची धाकटी बहीण. आईमागं त्यांनीच तिला वाढवलं होतं. बाकी कोणी येवो न येवो, इंदूला ताईचं तोंड दिसायलाच हवं, एवढं चिंतामणीजींना त्या सुन्न डोक्यातही कळत होतं.

"इंदू दीदीला फोन लावू का?" शेजारच्या श्यामसुंदरनं विचारलं.

"नको, भैया. ती यादीत आहे. मेसेज टाकतो."

खरं सांगायचं तर ते शब्द तोंडानं उच्चारायची त्यांची छाती नव्हती. त्यांनी नाव लिहिलं, वेळ लिहिली, ग्वारीघाट आठवणीनं लिहिलं. फळीवर फोन वाजला. चिंतामणीजी हात मांडीवर ठेवून, स्वयंपाकघराकडे कान लावून बसून राहिले. एवढ्यात माणसांनी त्यांना अंघोळीसाठी उठवलं.

"मेसेज गेला ना जी?" एकानं विचारलं.

"गेला," ते म्हणाले. मग कोणी कोणाला फोन केला नाही. चिंतामणीजींचा मेसेज गेला म्हणजे गावाला कळलं, असंच सगळे धरून चालले.

चार वाजता घाटावर अकरा माणसं होती. चिंतामणीजी सारखे पायऱ्यांकडे पाहत होते. "शहपुऱ्याची बस लेट असेल," असं म्हणत त्यांनी साडेपाचपर्यंत सगळ्यांना थांबवलं. शेवटी अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंदू आली. खांद्याला मटारच्या शेंगांची भरलेली पिशवी. "ताई, बघ कशा कोवळ्या आणल्या!" ती दारातूनच ओरडली.

पुढचं सांगवत नाही. भानावर आल्यावर तिनं एवढंच विचारलं, "भाऊजी, मला काहून नाही कळवलं?"

"कळवलं ना! सगळ्यांना कळवलं!" चिंतामणीजी चिडलेच. तिला दाखवायला त्यांनी तरातरा जाऊन कॉम्प्युटर उघडला. मेसेज किती फोनवर गेला तो आकडा पुढे यायचा, नेहमी चारशे बारा. कालच्या मेसेजपुढे आकडा होता एक.

इंदूनं आतून फळीवरचा फोन आणला. न वाचलेला मेसेज उघडला आणि ताईसारखाच मोठ्यानं वाचायला घेतला. नावापाशी तिचा आवाज फुटला. तरी तिनं घाटापर्यंत सगळं वाचलं.

चिंतामणीजी खुर्चीत खाली मान घालून ऐकत होते. काल घाटावरही न रडलेला तो माणूस आता लहान पोरासारखा रडू लागला.

"मी वाट पाहून राहिलो होतो ग," ते म्हणाले. "तिनं पाठवा म्हटलंच नाही."