कुरुळीचं हळदकुंकू

कुरुळीला जायचं मीच सुचवलं. आमच्या पुण्याच्या महिला मंडळाची मी चिटणीस. बायकांना मिळकतीत हक्काचा वाटा मिळावा असा कायदा दिल्लीत व्हायचा होता, आणि त्याला पाठिंबा म्हणून खेड्यातल्या बायकांचे अंगठे अर्जावर घ्यायचे होते. नुसत्या अर्जाला कोण येणार? संक्रांतीचे दिवस, म्हणून हळदकुंकू ठेवलं. तिथल्या शाळेच्या गुरुजींना पत्रक धाडलं: ‘सर्व भगिनींनी अगत्य यावे, कोणताही भेदभाव नाही.’ वाक्य माझंच. माझ्यावर मी भलतीच खूश होते.

तुम्हाला जायचं असेल तर शिवाजीनगरहून सकाळची चाकणची एसटी धरा. तिकीट रुपयाच्या आत. भोसरी सोडली की डबा मांडीवर घट्ट धरून बसा, रस्ता हाडं खिळखिळी करतो. मोशीजवळ इंद्रायणी ओलांडली की दोन्ही अंगांना कांद्याचे वाफे लागतात. सोबत मंडळाच्या इंदूताई होत्या, वयानं मोठ्या. त्या वाटभर धुळीला नावं ठेवत होत्या आणि मी त्यांना खेड्यांबद्दल आपुलकी कशी हवी ते सांगत होते. आता आठवलं की कान तापतात.

फाट्यावर भागूबाई न्यायला आल्या होत्या. चाळिशीच्या, विधवा. घरोघर फिरून, कांद्याची खुरपणी अर्धा दिवस सोडायला लावून बायका त्यांनीच जमवल्या होत्या. नवरा गेल्यापासून दीर त्यांना जमिनीवरून उठवायला बघत होते. गुरुजींनी पत्रक वाचलं तेव्हा त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं म्हणे. त्यांच्याच घरी आम्ही बाजरीची भाकरी, पिठलं आणि बुक्कीनं फोडलेला कांदा खाल्ला. इंदूताईंनी पिठलं दोनदा मागून घेतलं.

दुपारी शाळेच्या ओसरीवर बायका रांगेत बसल्या. मी बोलले, बाई म्हणून आपण सगळ्या एक, वगैरे. चांगलं बोलले, काय सांगू! मग कुंकवाचा करंडा घेऊन उठले. रांगेत पहिल्या भागूबाई. विधवा बाई हळदकुंकवाच्या रांगेत बसत नाही, हे त्यांना काय ठाऊक नव्हतं? पण पत्रकावर विश्वास ठेवून त्या बसल्या होत्या. त्यांनी मान किंचित पुढे केली, आणि माझं बोट सरळ शेजारच्या बाईच्या कपाळाकडे गेलं.

मी विचारसुद्धा केला नाही. मागे फिरायला एक पाऊल पुरलं असतं. पण मी तशीच रांग संपवली.

अर्ज आणि शाईची गादी मांडली तेव्हा कुणी उठेना. मग एकीला खुरपणी आठवली, दुसरीला पोर, आणि बायका पदर सावरून निघाल्या. भागूबाईंनी त्यांना हातानंच खाली बसवलं आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“बाई, कुकवाचं ऱ्हाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “कागदावर माझा अंगठा चालतो न्हवं?”

“चालतो,” मी म्हणाले.

पहिला अंगठा त्यांनी उमटवला. मग त्यांच्यामागून सगळ्यांनी.

चाकणचा भुईकोट किल्ला बघायचा बेत होता. तटावर अर्धा तास फिरलोही, पण तुम्ही जाल तेव्हा तुमच्याच डोळ्यांनी बघा, मला काही दिसलं नाही. परतीच्या गाडीत इंदूताई म्हणाल्या, “अगं, रीतच आहे ती. तू तरी काय करणार?” हे कुणीतरी म्हणावं म्हणून मी केव्हाची वाट बघत होते. त्याची मला जास्त लाज वाटते.

घरी आल्यावर मंडळाच्या मासिकासाठी वृत्तान्त लिहिला: ‘उपस्थित सर्व भगिनींना हळदकुंकू देण्यात आले.’ छापूनही आला. अंक हातात पडला तेव्हा ध्यानात आलं की एक प्रत कुरुळीच्या शाळेत जाते, आणि गुरुजी ती बायकांना वाचून दाखवतात. ते वाक्य भागूबाईंनी ओसरीवर बसून ऐकलं असणार. शेजारणींनी त्यांच्याकडे बघितलं असणार.

म्हणून त्याच मासिकात हे लिहिते आहे. ते वाक्य खोटं होतं, मीच लिहिलं होतं. गुरुजी, हेही त्यांना वाचून दाखवा. आणि पुन्हा वाचा म्हणाल्या, तर पुन्हा वाचा.